पंधरवडा वर, पंधरवडा खाली

चिखलसाहेब जाऊन आठवडा उलटला तरी काकूंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि गल्लीला याचं फार वाईट वाटत होतं. भेटायला येणारी माणसं रुमाल हाताशी ठेवूनच यायची. काकू त्यांनाच पाणी द्यायच्या, खुर्ची पुढे करायच्या आणि निघताना 'पायरी जपून हं' म्हणायच्या. समोरची शिंपीणबाई दोनदा येऊन गेली. दुसऱ्या खेपेला ती स्वतःच मनसोक्त रडून घेऊन गेली, निदान कुणीतरी रडायला हवं म्हणून.

लेक मात्र धास्तावली होती. ती दुसऱ्या गावाहून आली होती आणि आईला सोबत नेल्याशिवाय परतणार नव्हती. रोज संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी आई स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन ठेवते आणि त्याच्यासमोर हात जुळवून बसते, हे तिने पाहिलं होतं. फोन वाजत नाही. मग आई उठते, दूध तापवते, कपडे घड्या करते आणि शांत झोपी जाते. एकदा न राहवून लेकीने विचारलं, "आई, तू रडत का नाहीस गं?"

"रडायचं काय त्यात? ड्युटीवर आहेत," काकू म्हणाल्या, आणि मग जीभ चावून म्हणाल्या, "म्हणजे, सवय आहे गं मला."

काकूंना वेड लागलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. डॉक्टरांच्या कागदावर त्यांनीच सही केली होती. चार माणसांनी साहेबांना चादरीत घालून जिन्यावरून खाली आणलं तेव्हा 'डोकं जपा' असं त्याच म्हणाल्या होत्या. डोक्याला सगळं ठाऊक होतं. पण बाकीच्या शरीराला उभ्या संसारात एकच गोष्ट शिकवलेली होती, की हा माणूस पंधरा दिवस नसतो आणि मग येतो. साहेबांचं नसणं काकूंना त्यांच्या असण्याइतकंच ओळखीचं होतं. ते ज्या सोमवारी वर गेले, त्याच्या पंधरा दिवसांनी सोमवारी उतरणार. तोवर काकूंच्या लेखी ते ड्युटीवरच होते. भीती वाटत होती ती त्या येणाऱ्या सोमवारचीच. त्या दिवशी साहेब उतरले नाहीत म्हणजे मग काय उरतं, याचा विचार मनात डोकावला की त्या उठून काहीतरी घासायला घ्यायच्या.

हे वर जाणं आणि खाली येणं काय प्रकरण होतं, ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

साहेब तेल-वायूच्या कंपनीत होते. समुद्रात लोखंडी पायांवर उभ्या असलेल्या एका फलाटावर त्यांनी नोकरी काढली. काम काय, तर चिखल. तेलाची विहीर खोदताना वरून एक दाट गाळ आत सोडतात. तो गाळ खालच्या दगडाचा भुगा घेऊन परत वर येतो, आणि खालचा वायूही त्याच्याच वजनाने दबून राहतो. चिखल हलका झाला तर वायू उसळून वर येणार आणि फलाटासकट माणसं जाळणार. जड झाला तर खालचा दगडच तडकणार आणि चिखल गिळून टाकणार. हे वजन राखणारा माणूस म्हणजे चिखलसाहेब. "एवढं शिकलेला जावई मिळाला आणि निघाला चिखल कालवणारा," असं काकूंचे वडील म्हणायचे. काकूही म्हणायच्या, पण अभिमानाने.

त्या कामाचं वेड साहेबांनी घरात आणलं होतं. वाहणारी कुठलीही वस्तू दिसली की ते ती चमच्यावरून ओघळवून बघायचे. लेकीचं खोकल्याचं औषध, भिंतीचा रंग, मध, शाम्पू, काही सुटलं नाही. "जरा पातळ आहे," असं मान हलवून म्हणायचे. रंगारी तर त्यांना पाहिलं की डबा झाकून ठेवायचा.

पंधरवडा समुद्रावर, पंधरवडा घरी. जायच्या दिवशी कॅनव्हासची पिशवी खांद्याला, यायच्या दिवशी तीच पिशवी, फक्त वास वेगळा. तिकडून फोन यायचा तो उपग्रहावरून. काकू बोलायच्या, ते शब्द आकाशात जाऊन यायचे, आणि मग तिकडून उत्तर. मधे एक लांब पोकळी. त्या पोकळीत काकूंना समुद्र ऐकू यायचा, किंवा यायचा असं वाटायचं. साहेब सांगायचे की तिथे रात्र होतच नाही, एका लांब नळीच्या टोकावर जाळ जळत असतो आणि पाणी सगळं नारिंगी दिसतं. पक्षी त्या उजेडात घिरट्या घालतात आणि त्यांना झोपायचं कधी ते कळत नाही. समुद्राच्या तळाखाली दुसऱ्या समुद्राचा तळ आहे, त्याखाली नदीचं पात्र, त्याखाली कधीकाळचं जंगल. "आज चिखलाच्या चाळणीवर वाळू आली," ते एकदा म्हणाले होते. "किनाऱ्याची. त्या किनाऱ्यावरून कुणीच कधी चाललेलं नाही." मग ती पोकळी. काकूंनी त्या दिवशी भांडी घासता घासता तो किनारा पाहिला. तिथे ऊन होतं आणि काहीही ऐकू येत नव्हतं. मग लेकीने दुधाचं पातेलं पाडलं आणि किनारा गेला.

त्या पोकळीची साहेबांना इतकी सवय झाली की घरी समोरासमोर बसूनही ते काकूंच्या प्रत्येक वाक्यानंतर थांबायचे. पहिली काही वर्षं काकूंना वाटलं, हा माणूस ऐकतच नाही. पुढे कळलं की तो वाक्य पोचायची वाट बघतोय.

मग एके दिवशी कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं, चार लोकांनी भाषणं केली आणि साहेब कायमचे घरी आले. पहिला पंधरवडा सोन्यासारखा गेला. त्यानंतर दोघांची पंचाईत झाली. सलग इतके दिवस एकमेकांसोबत राहायचा सराव दोघांनाही नव्हता. साहेब दिवसातून सतरा वेळा गॅसचं बटण तपासायचे आणि नाक वर करून हुंगायचे. धोक्याच्या वेळी कुठल्या दाराने पळायचं, याची त्यांनी शिंपीणबाईलाही तालीम दिली. फडताळातले डबे त्यांनी वजनाप्रमाणे लावले. काकूंना साखर सापडेना. त्यांना दुपारी एकटीने खिडकीशी बसून काही न करायची सवय होती. त्या काही न करण्यातही साहेब येऊन विचारायचे, "काय चाललंय?" महिन्याभरात काकूंच्या नाकी नऊ आले. एक दिवस हातातला झारा ओट्यावर आपटून त्या म्हणाल्या, "अहो, तुमची रजा संपत नाही का?"

साहेब थांबले. वाक्य आकाशात जाऊन आलं. मग ते जे हसायला लागले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवी भरली, दाढी केली, काकूंना म्हणाले, "येतो मग," आणि घराबाहेरच्या लोखंडी जिन्याने गच्चीवरच्या खोलीत गेले. पंधरा दिवस खाली उतरले नाहीत.

लेकीने हे ऐकलं तेव्हा तिला वाटलं, आईबाबा या वयात वेगळे झाले. ती दुपारच्या गाडीने धावत आली. जिन्याच्या तळाशी डबा होता आणि डब्याखाली आईने इस्तरी केलेले शर्ट होते. वेगळी झालेली माणसं शर्टाला इस्तरी करत नाहीत, एवढं तिला कळलं. तिने हात टेकले आणि परत गेली. गल्लीने काही दिवस कुजबुज केली, मग गल्लीलाही सवय झाली. "साहेब वर आहेत की खाली?" असं पोस्टमनसुद्धा विचारायला लागला.

साहेब वर असले की संध्याकाळी फोन यायचा. डोक्यावर खोली, पण बोलणं फोनवर. साहेबांचा आवाज आधी छतातून झिरपायचा आणि एका श्वासानंतर फोनमधून यायचा, त्यामुळे काकूंना प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकू यायची. "आज कुठवर पोचलात?" त्या विचारायच्या. साहेब रोज थोडं खोल जायचे. तिकडच्या वर्षांतलं, कधी न सांगितलेलं काहीतरी वर काढायचे. जेवणघरातला आचारी झोपेत आपल्या मुलांची नावं घ्यायचा. वादळात फलाट डुलला की सगळी मोठी माणसं उगाच मोठ्याने विनोद सांगायची. एकदा जाळाच्या उजेडात माशांचा एवढा थवा आला, की पाणी जिवंत होऊन उठल्यासारखं दिसलं. काकू आपल्या बाजूचं सांगायच्या, साहेबांनी न पाहिलेलं. लेकीचा पहिला दात. छत गळलं तेव्हा दोघींनी पलंगावर छत्री उघडून काढलेली संध्याकाळ. अशी अर्धी अर्धी आयुष्यं ते रोज एकमेकांना देत होते. सोमवारी पिशवी घेऊन साहेब उतरायचे तेव्हा काकू चांगले कपडे घालून जिन्याशी उभ्या असायच्या. म्हातारपणी एवढं लाजायचं काय, असं शिंपीणबाई म्हणायची. काकू लाजायच्याच.

त्या शेवटच्या खेपेला साहेब वर गेले आणि तिसऱ्याच संध्याकाळी फोन आला नाही. काकूंनी छताकडे कान लावला. मग त्या वर गेल्या. ड्युटीच्या दिवसांत त्या कधीच वर गेल्या नव्हत्या. साहेब खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. पुढचं सगळं माणसांनी केलं. साहेब खाली आले, पण पिशवी वरच राहिली, आणि काकूंच्या लेखी पिशवीशिवाय साहेब कधी उतरलेच नव्हते.

लेकीने पुठ्ठ्याची खोकी आणून बाहेरच्या खोलीत रचली. वरची खोली आवरायची, घराला कुलूप लावायचं, आईला घेऊन जायचं. "सोमवारपर्यंत थांब," काकू म्हणाल्या. सोमवारी काय आहे, हे लेकीने विचारलं नाही. तिला ठाऊक होतं, आणि तिला आईपेक्षाही जास्त त्या दिवसाची धडकी भरली होती.

रविवारी दुपारी एक उंच, वाकलेला माणूस दारात उभा राहिला. लांबून बसने आला होता. कॉलर नीट करत म्हणाला, "वहिनी, तुम्ही मला ओळखणार नाही."

काकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही डाव्या कुशीवर झोपता," त्या म्हणाल्या.

तो साहेबांचा जोडीदार होता. साहेब फलाटावरून निघाले की त्यांच्या जागी हा, आणि हा निघाला की साहेब. काम एक, टेबल एक, गादी एक. "गादीला डावीकडे खड्डा पाडून ठेवलाय म्हणून कुरकुरायचे ते," काकू म्हणाल्या.

"आणि त्यांनी उजवीकडे," तो म्हणाला. "नोकरीभर एका गादीवर झोपलो वहिनी, पण कधी एका ताटाला बसलो नाही."

"म्हणजे तुम्ही माझी सवतच की हो."

तो हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. काकूंनी पाणी पुढे केलं. लेक दाराशी येऊन उभी राहिली.

"आमची भेट व्हायची ती हेलिकॉप्टरच्या पंख्याखाली," जोडीदार सांगू लागला. "मी उतरायचो, ते चढणार असायचे. त्या घरघरीत कानाशी तोंड आणून सगळं सांगायचे. चिखल किती जड ठेवलाय, विहिरीचा रागरंग काय, कुठला पंप कुरकुरतोय. आणि मग माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मी 'घेतली' म्हणायचो, म्हणजे विहीर घेतली. तेव्हा कुठे पाऊल उचलायचे."

"एकदा आठवडाभर उशिरा आले होते," काकू म्हणाल्या. "हिच्या शाळेचं नाटक होतं. ही झाड झाली होती त्यात."

"चांगलं मोठं झाड होतं," लेक दारातून म्हणाली.

"तो माझाच घोळ. माझं हेलिकॉप्टर वादळाने माघारी गेलं," जोडीदार म्हणाला. "दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फलाटावरून एक आलं होतं, त्यात त्यांना जागाही होती. सगळे म्हणाले, जा. पण विहीर द्यायची कुणाच्या हाती? बदलीवरच्या माणसाने तोंडाने घेतली म्हटल्याशिवाय ते हलायचेच नाहीत. ताप अंगात असला तरी. कागदावर असा नियम होता की नाही देव जाणे. त्यांच्या हाडात होता."

जोडीदार निघाला तेव्हा काकू दारापर्यंत गेल्या, पण पायरी जपून उतरा म्हणायला विसरल्या. संध्याकाळी टेबलावर फोन ठेवलाच नाही. छताकडे बघत बसल्या. वर कुणीच गेलं नव्हतं, हा विचार त्यांच्या मनात येऊन बसला होता. साहेबांच्या जागी कुणीही पोचलेलं नाही. माणसांनी जे खाली आणलं ते आणलं, पण साहेब असे जागा टाकून येणारे नव्हते. ते तिथेच बसले असतील, खिडकीकडे तोंड करून, कुणाच्या तरी पावलांची वाट बघत. काकूंना तो फलाट आता गच्चीवरच उभा दिसत होता. त्याच्या भोवतीचं पाणी नारिंगी होतं, आणि दमलेले पक्षी उजेडात घिरट्या घालत होते.

सोमवारी सकाळी काकूंनी अंघोळ केली, चांगले कपडे घातले आणि जिन्याच्या तळाशी जाऊन उभ्या राहिल्या. लेक खिडकीतून बघत होती. समोर शिंपीणबाईचं मशीन थांबलं. बराच वेळ गेला. जिन्यावर ऊन सरकत सरकत वर गेलं. कुणी उतरलं नाही.

मग काकू घरात आल्या आणि एक पिशवी काढून भरू लागल्या. चष्मा, गोळ्या, कंगवा, स्वेटर.

"आई, कुठे निघालीस?"

"ड्युटीवर."

लेकीने पिशवीचा बंद धरून ठेवला. काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वेड लागलेलं नाही मला. थोड्या वेळाने वर ये," त्या म्हणाल्या आणि पिशवी खांद्याला लावून जिना चढल्या. गुडघे दुखत होते. दोनदा थांबल्या.

खोली कोंदट झाली होती. गादीवरचं पांघरूण चारी बाजूंनी घट्ट खोचलेलं होतं, जहाजावर खोचतात तसं. खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती. काकू तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या आणि खाली वाकल्या, घरघरीत कान पुढे करावा तशा. त्या थांबल्या. साहेबांनी आयुष्यभर थांबून त्यांची वाक्यं ऐकली होती, आता त्या थांबल्या होत्या. खुर्चीकडून काही आलं नाही. पण खोली होतीच सांगायला. खिडकीची कडी अडकत होती. नळ ठिबकत होता. सुकलेल्या कुंडीला पाणी हवं होतं. साहेबांनी बागेतली माती कालवून ठेवलेल्या बरणीचं झाकण उघडं राहिलं होतं, आणि माती खाली बसून वर स्वच्छ पाणी झालं होतं. सांगायचं राहिलेलं ते एवढंच. भयंकर असं काही नव्हतं. कुणालाही सांभाळता आलं असतं.

काकूंनी बरणीला झाकण लावलं. नळ आवळला. मग सरळ उभ्या राहिल्या.

"घेतली," त्या म्हणाल्या. आवाज बारीक आला, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाल्या, "घेतली हो. सगळं घेतलंय मी. तुम्ही निघा आता."

जायला साहेबांना वेळ लागला नाही. आत्तापर्यंत त्या खुर्चीत कुणीतरी होतं आणि आता ती लाकडाची खुर्ची होती. खोली सगळ्या बाजूंनी मोठी झाली. काकू गादीच्या काठावर बसल्या, उजव्या बाजूला, आणि इतके दिवस न आलेलं सगळं एकदम आलं. त्यांना ते थोपवता येईना आणि थोपवावंसंही वाटेना.

रडण्याचा आवाज छतातून खाली गेला तशी लेक धडपडत जिना चढून आली. दारात उभी राहून आईकडे बघत राहिली. काकूंनी तोंड वर केलं. त्या चेहऱ्यावर बातमी आत्ताच येऊन पोचली होती, आणि ती लेकीला कशी सांगावी हे त्यांना सुचत नव्हतं.

"ये, बस इथे," काकू म्हणाल्या आणि तिला जवळ ओढून घेतलं. "तुझे बाबा गेले गं."